मंगळावर अडकलेला मुलगा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात ज्यांनी चपला बाहेर काढून पाऊल टाकलं, त्यांना ‘डेंजरस डेव्ह’ कोण हे सांगावं लागत नाही. मिरजेच्या आमच्या शाळेत ‘बेसिक’चा धडा आटपला की उरलेल्या वेळात फ्लॉपीवरचा डेव्ह सुरू व्हायचा. कप घेतल्याशिवाय दार उघडत नाही, हा नियम कोणी शिकवलेला नव्हता. तो एका बाकावरून दुसऱ्या बाकावर आपोआप पोचायचा.

त्या खेळातली एक गोष्ट मला तेव्हापासून खटकायची. डेव्ह पळत पळत पडद्याच्या कडेला आला की खेळ थबकायचा. मग अख्खं चित्र खाडकन बाजूला सरकायचं, नवा भाग दिसायचा आणि डेव्ह पुन्हा पळू लागायचा. मामाच्या घरी मात्र टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, मूळ जपानी यंत्राची स्वस्त नक्कल. त्यातला मारिओ धावायचा तेव्हा जमीन, ढग, झुडपं सगळं पायाखालून वाहत राहायचं, कुठेही अडखळायचं नाही. शाळेचा संगणक तीस-चाळीस हजारांचा आणि मामाचं खेळणं हजाराच्या आतलं. मग स्वस्त खेळण्याला जे जमतं ते महागड्या संगणकाला का जमत नाही? सरांना विचारलं, तर ते म्हणाले, “ते खेळण्यासाठीच बनवलंय ना गं.”

सरांचं उत्तर बरोबर होतं. पण त्याच्या पुढची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी, प्रोग्रामिंग शिकताना कळली. डेव्ह ज्यानं केला, तोच माणूस आणि त्याचे सहकारी याच प्रश्नापाशी आले होते. त्यांनी तो सोडवला आणि त्यातून ‘कमांडर कीन’ नावाचा खेळ जन्माला आला. आज मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प देण्याआधी हा खेळ लावून दाखवते.

आधी यंत्रांमधला फरक. निन्टेंडोच्या खेळयंत्रात चित्रासाठी वेगळी चिप होती. पार्श्वभूमी सरकवणं आणि तिच्यावर छोट्या आकृत्या नाचवणं ही कामं त्या चिपच्या अंगातच होती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला तो त्या चिपच्या जोरावर. पीसी मात्र कार्यालयासाठी घडवलेला, पत्रं लिहायला आणि हिशेब करायला. त्यावर खेळ चालवायचा तर प्रोसेसरनं प्रत्येक ठिपका स्वतः रंगवायचा. पडदा ३२० ठिपके रुंद आणि २०० ठिपके उंच, म्हणजे ६४ हजार ठिपके. १६ रंगांच्या ईजीए कार्डावर एका चित्राला ३२ हजार बाइट लागत. मारिओसारखं वाहतं चित्र हवं तर हे सगळं सेकंदाला कित्येकदा नव्यानं रंगवायला हवं. तेव्हाच्या यंत्रांचा त्यात दम निघायचा. म्हणून पीसीवरचे बहुतेक खेळ डेव्हसारखे टप्प्याटप्प्यानं उडी मारत पुढे जायचे.

अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट गावात सॉफ्टडिस्क नावाची कंपनी होती. कागदाऐवजी फ्लॉपीवर मासिक काढायचं आणि वर्गणीदारांना टपालानं पाठवायचं, हा तिचा धंदा. जॉन रोमेरो तिथे खेळ लिहायचा. डेव्ह त्याचाच. १९८८ साली ॲपल टू संगणकासाठी केलेला, मग पीसीवर आणलेला. त्याच्या जोडीला जॉन कार्मॅक होता, १९९० साली वीस वर्षांचा. चित्रकार एड्रियन कार्मॅक, आडनाव तेच पण नातं काही नाही. आणि दुसऱ्या विभागात काम करणारा टॉम हॉल संध्याकाळी यांच्या खोलीत येऊन बसायचा.

जॉन कार्मॅकनं जी युक्ती काढली ती मी वर्गात फळ्यावर चौकटी आखून समजावते, कारण ती समजली की संगणकाकडे बघायची दृष्टीच बदलते. ईजीए कार्डाची स्मृती एका पडद्याला लागते त्यापेक्षा मोठी होती, आणि त्या स्मृतीतल्या कुठल्या जागेपासून चित्र दाखवायला सुरुवात करायची हे कार्डाला सांगता यायचं. सुरुवात एका ठिपक्यानं पुढे ढकलली की चित्र एका ठिपक्यानं सरकलेलं दिसतं, आणि एकही ठिपका नव्यानं रंगवावा लागत नाही. पण असं किती ढकलणार? थोड्या वेळानं स्मृतीची कड येते.

इथे कार्मॅकनं खेळाच्या चित्राकडेच बघितलं. असल्या खेळातलं जग १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनांचं बनलेलं असतं. पडद्यावर असे सुमारे अडीचशे चौकोन मावतात, आणि त्यातले बरेचसे एकसारखे असतात: आकाशाशेजारी आकाश, विटेशेजारी वीट. कवायतीला उभी असलेली मुलांची रांग डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांचे शर्ट पांढरे, दोघा-तिघांचेच निळे. अख्खी रांग एक जागा डावीकडे सरकली, तर लांबून बघणाऱ्याला फरक फक्त निळ्या शर्टांच्या आसपास दिसतो. बाकी जागी पांढऱ्याच्या ठिकाणी पांढराच आलेला असतो. कार्मॅकनं तेच केलं. एक चौकोनभर सरकून झालं की सुरुवात पुन्हा मागे आणायची, प्रत्येक जागी आता कुठला चौकोन हवा ते तपासायचं, आणि तिथे आधीपासून तोच असेल तर हातच लावायचा नाही. बदललेले चौकोन तेवढे रंगवायचे. अडीचशेऐवजी मूठभर. जे बदललेलं नाही त्याला हात लावू नका, हे मी मुलांना सांगत असते ते इथूनच.

सप्टेंबर १९९० मधल्या एका रात्री कार्मॅक आणि हॉल दोघंच कार्यालयात थांबले. त्याच वर्षी अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ आला होता. हॉलनं टीव्हीवर तो खेळ थांबवून थांबवून त्याच्या पहिल्या पातळीतला एकेक चौकोन ठिपक्या-ठिपक्यानं उतरवून काढला, आणि कार्मॅकनं त्याला सरकतं केलं. मारिओच्या जागी त्यांनी रोमेरोचा डेव्ह उभा केला. पहाटे डिस्क रोमेरोच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेले. डिस्कचं नाव होतं ‘डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिन्जमेंट’. आपण दुसऱ्याची वस्तू उचलली आहे हे त्यांनी नावातच कबूल केलं होतं.

सकाळी रोमेरोनं ती डिस्क लावली आणि डेव्ह धावू लागला. पडदा न थबकता वाहत गेला. फ्लॉपीच्या मासिकात एका महिन्यापुरती टाकून द्यायची ही गोष्ट नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पुढच्या काही दिवसांत सगळ्यांनी मिळून मारिओच्या तिसऱ्या भागाचा पीसीवरचा नमुना तयार केला आणि निन्टेंडोला पाठवला. निन्टेंडोला काम पसंत पडलं, पण मारिओ आपल्या यंत्राबाहेर जाऊ द्यायचा त्यांचा विचार नव्हता. नकार आला. त्या नमुन्याची एक प्रत २०२१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या खेळ-संग्रहालयात पोचली आणि आता तिथे जपून ठेवली आहे.

नकार आला हे फार बरं झालं, असं मला मनापासून वाटतं. परवानगी मिळाली असती तर ही हुशार मंडळी दुसऱ्याच्या पात्राची पीसीवरची आवृत्ती काढून थांबली असती.

याच सुमाराला टेक्सासमधला स्कॉट मिलर रोमेरोच्या मागे लागला होता. मिलरची अपोजी नावाची छोटी कंपनी होती. रोमेरोचे खेळ त्याला आवडत, पण कंपनीच्या पत्त्यावर सरळ धंद्याचं पत्र धाडलं तर ते मधेच अडकेल अशी त्याला शंका होती. म्हणून त्यानं वेगवेगळ्या नावांनी चाहत्याची पत्रं लिहिली. रोमेरोनं ती कौतुकानं भिंतीवर लावली. एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की सगळ्या पत्रांवर पत्ता एकच आहे. तो आधी भडकला, मग दोघं बोलले. मिलरनं दोन हजार डॉलर आगाऊ पाठवले आणि खेळ मागितला.

तोच खेळ पुढे कीन झाला. मिलरला तो ‘शेअरवेअर’ म्हणून विकायचा होता. ही पद्धत १९८२च्या सुमाराला अमेरिकेत रुजली. अँड्र्यू फ्लूगलमन आणि जिम नॉफ यांनी आपापले प्रोग्राम लोकांच्या हाती फुकट दिले. वापरा, मित्रांना नकला करून द्या, उपयोग झाला तर आम्हाला पैसे पाठवा, एवढंच म्हणणं. पत्रव्यवहाराच्या किंवा हिशेबाच्या प्रोग्रामला हे चालून गेलं, कारण तो माणसाला रोज लागतो. खेळाचं तसं नसतं. तो खेळून संपला की पैसे पाठवायची आठवण कोणाला राहणार? मिलरनं १९८७ साली ‘क्रोझ’ या आपल्या खेळासाठी तोडगा काढला. खेळ तीन भागांत लिहायचा. पहिला भाग पूर्ण, कुठेही न तोडता फुकट सोडायचा आणि तो जितक्या हातांत जाईल तितका जाऊ द्यायचा. पुढचे भाग हवे असतील त्यांनी पैसे पाठवावेत.

कीन याच साच्यात बसवला गेला. ऑक्टोबर ते डिसेंबर, तीन महिन्यांच्या आत. दिवसा सॉफ्टडिस्कची नोकरी, रात्री कीन. घरी तितके चांगले संगणक नव्हते, म्हणून शनिवार-रविवारी कार्यालयातले संगणक गाडीत घालून तळ्याकाठच्या भाड्याच्या घरी न्यायचे. मालकाला पुढे हे कळलं, आणि त्याच्यासाठी आणखी काही खेळ करून देण्याच्या बोलीवर प्रकरण मिटलं.

आता खुद्द खेळ. बिली ब्लेझ हा आठ वर्षांचा अतिहुशार मुलगा. आईबाबा घरात नसताना तो परसात बनवलेल्या यानात बसतो, मोठ्या भावाचं अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट डोक्यावर चढवतो आणि कमांडर कीन होऊन मंगळावर जातो. यानाचं नाव ‘बीन विथ बेकन मेगारॉकेट’, म्हणजे एका सूपच्या डब्यावरून ठेवलेलं. तो मंगळावर फिरायला गेला असताना व्हॉर्टिकॉन जमातीचे लोक यानाचे चार भाग पळवतात: जॉयस्टिक, मोटारीची बॅटरी, व्हॅक्युम क्लीनर आणि इंधन म्हणून घेतलेली दारूची बाटली. ते चार भाग शोधून आईबाबा परतायच्या आत घर गाठायचं. वाटेत लॉलीपॉप, पिझ्झाचे तुकडे, पुस्तकं आणि टेडी बेअर गोळा केले की गुण मिळतात, आणि टेडीला पुस्तकापेक्षा जास्त. पुढे एक पोगो काठी मिळते. तिच्यावर उड्या मारत एरवी न गाठता येणाऱ्या जागा गाठता येतात. मला विचाराल तर सगळ्या खेळाचा जीव त्या काठीत आहे. उडी केव्हा आणि किती दाबायची याचा अंदाज बोटांत मुरायला वेळ लागतो, आणि एकदा मुरला की मंगळ आपला वाटायला लागतो.

मारिओचं ऋण जागोजागी दिसतं: उडी, शत्रूच्या डोक्यावर पडणं, पातळ्यांचा वरून दिसणारा नकाशा. पण आतला माणूस वेगळा आहे. हॉल विस्कॉन्सिन राज्यातला. कीनचं हेल्मेट त्याच राज्यातल्या ग्रीन बे पॅकर्स संघाचं. ते हॉलच्या स्वतःच्या बालपणातून आलेलं आहे. मारिओच्या गोष्टीत राजकन्या आणि किल्ले आहेत, तर कीनच्या गोष्टीत परसातल्या सामानातून यान करणारं पोर आहे, दूध पिऊन झोपायला हवं अशा वयाचं.

मंगळावर योर्प नावाचा प्राणी भेटतो. हिरवा, एका डोळ्याचा, बावळट. तो काही करत नाही. जवळ येतो आणि अंगावर आपटून ढकलतो, एवढंच. डोक्यावर उडी मारली तर थोडा वेळ चक्रावून उभा राहतो. पण हातात किरणबंदूक असते, आणि पहिल्यांदा खेळणारं जवळजवळ प्रत्येक पोर योर्पला गोळी घालतं. योर्प मरून पडतो आणि तिथेच राहतो. पातळीत आपण कितीही फिरलो आणि परत त्या जागी आलो, तरी तो तसाच असतो. त्या काळच्या बऱ्याच खेळांत मेलेले शत्रू लुकलुकून नाहीसे व्हायचे. कीनमध्ये देह पडून राहायला हवा हा हॉलचा आग्रह होता. आपल्या हातून जे घडलं ते पोरांच्या डोळ्यांसमोर राहावं, असं त्याला वाटत होतं.

वर्गात मी काही न सांगता हा प्रसंग येऊ देते. एकदा एका मुलीनं योर्पला मारलं, पुढे जाऊन लॉलीपॉप घेतलं, परत आली आणि म्हणाली, “मॅडम, हा उठत का नाही?” मी म्हटलं, “तू मारलास ना.” तिनं पुढचा सगळा तास एकाही योर्पवर बंदूक चालवली नाही. उडी मारून त्यांना ओलांडत राहिली. पुढच्या भागांत कळतं की ज्यांच्याशी आपण लढतो ते व्हॉर्टिकॉनसुद्धा स्वतःच्या मनानं वागत नसतात, त्यांची मनं कोणीतरी काबूत घेतलेली असतात. आणि तो ‘कोणीतरी’ निघतो कीनच्याच शाळेतला, त्याच्यापेक्षा बुद्ध्यांक एकानं जास्त असलेला मॉर्टिमर मॅकमायर. सगळं विश्व पालथं घालून गोष्ट पुन्हा शाळेतल्या भांडणापाशी येते. लहान मुलांच्या जगाचं माप हॉलला बरोबर ठाऊक होतं.

खेळ १४ डिसेंबर १९९० रोजी बाहेर पडला. पहिला भाग फुकट, उरलेल्या दोन भागांना ३० डॉलर. अपोजीची महिन्याची विक्री तोवर सात हजार डॉलरच्या आसपास असायची, ती नाताळापर्यंतच ३० हजारांवर गेली. फोन घ्यायला मिलरला एक पोरगा ठेवावा लागला. जानेवारीत कीनच्या कर्त्यांना पहिला धनादेश आला, साडेदहा हजार डॉलरचा, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आणि ‘डूम’ याच कंपनीचे, तेही पहिला भाग फुकट देऊन आलेले. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी इथे थांबत नाही. याच वाटेनं इतरही आले. एपिक मेगागेम्सनं १९९४ साली ‘जॅझ जॅकरॅबिट’ काढला, तो मारिओऐवजी ‘सोनिक’ या खेळाच्या वेगानं भारलेला हिरवा ससा.

आमच्याकडे हे खेळ आले ते फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत. आमच्या डबीतल्या बहुतेक फ्लॉप्या, डेव्हसुद्धा, कोणाला पैसे न देता आलेल्या होत्या. त्यात काही वावगं आहे हे आम्हा मुलांना ठाऊकच नव्हतं. कीनचा पहिला भाग मात्र त्या डबीतला प्रामाणिक ऐवज होता, कारण तो असाच हातोहात पसरावा ही त्याच्या कर्त्यांचीच इच्छा होती. मिरजेच्या पोरानं तो सांगलीच्या पोराला द्यावा यात त्यांचं नुकसान नव्हतं. त्यांची मदतच होत होती. शेवटी पुढचे भाग मागवण्यासाठी टेक्सासमधल्या गार्लंडचा पत्ता दिसायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ३० डॉलर म्हणजे हजाराच्या आसपास रुपये, वर परदेशी ड्राफ्ट. खेळासाठी असं काही आईबाबांकडे मागायचं, हे आमच्या घरांत सुचण्यासारखंच नव्हतं. पण पहिल्या भागानं आम्हाला अर्धवट सोडलं नाही. यानाचे चारही भाग मिळायचे, कीन घरी पोचायचा, खेळ पुरा व्हायचा. आज फोनवरचे खेळ फुकट म्हणून सुरू होतात आणि मग दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवतात, नाहीतर पुढे जायला पैसे मागतात. माझ्या विद्यार्थ्यांना हेच नैसर्गिक वाटतं. म्हणूनच त्यांना कीन दाखवावासा वाटतो. देणाऱ्यानं आधी पूर्ण वस्तू दिली आणि मग किंमत सांगितली, असाही धंदा झाला आहे आणि नीट चालला आहे, हे त्यांनी बघायला हवं.

आजच्या मुलांच्या हातातही कीनचा एक अवशेष आहे. हॉलनं या खेळात परग्रहवासीयांसाठी एक गुप्त लिपी केली होती. खेळातल्या पाट्या त्या लिपीत असायच्या, आणि तिची किल्ली तिसऱ्या भागातल्या एका दडवलेल्या पातळीत होती. ‘माइनक्राफ्ट’ खेळणाऱ्या मुलांनी तीच लिपी जादूच्या टेबलावर पाहिलेली असते. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वही उघडतात.

२०१४ साली ‘कीन ड्रीम्स’ या एका उपभागाचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला झाला. आता युक्ती फळ्यावर सांगून थांबावं लागत नाही. पडदा ताजा करण्याचं सगळं काम ‘आयडी आरएफ’ नावाच्या फाइलमध्ये आहे, आणि चौकोन बदलला आहे की नाही हे कुठे तपासलं जातं ते शोधून काढा, एवढाच गृहपाठ मी देते.

प्रकल्पाला मुलं दरवर्षी मारिओचीच नक्कल करायला घेतात. मी अडवत नाही. करा म्हणते, उडी अगदी तशीच जमेपर्यंत करा. ती जमली की विचारते, आता या उड्या मारणारा पोरगा कोण आहे ते सांगा. गेल्या वर्षीच्या एका गटाला उत्तर द्यायला महिना लागला. मग त्यांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला मुलगा आणला. त्याच्या आजोबांचे तंबोऱ्यासाठी आणलेले भोपळे ट्रकमधून सांडून गावभर घरंगळले आहेत आणि दुपारच्या आत ते गोळा करायचे आहेत. भोपळा फुटला तर त्याच्या खापा रस्त्यात तशाच पडून राहतात. पहिला भाग पुरा झाला आहे. शाळाशाळांतून फुकट वाटायचा, असं त्यांनी ठरवलंय.